डोक्याचा निकाल तिसरीतच नको

सीमाभागात मुलाच्या डोक्याचा निकाल फार लवकर लागतो. दहावीच्या निकालाला दहा वर्षं लागतात, पण ‘ही हुशार, हा मध्यम, ह्याचं काही खरं नाही’ हे तिसरी-चौथीतच ठरून जातं. शाळेत ठरतं तितकंच ते घरात, गल्लीत आणि लग्नाच्या मांडवातही ठरतं. पोरगं शेजारी उभं असतं आणि आई पाहुण्यांना सांगत असते, ‘थोरलीचं डोकं चालतंय. ह्याला गणित येत नाही बघा, बापावर गेलाय.’ यात वाईट हेतू कुणाचाच नसतो. पण हेच वाक्य वर्षानुवर्षं कानावर पडलं की सहावी-सातवीत ते पोरगं आपणहून म्हणायला लागतं, ‘मला गणित येत नाही.’ तोपर्यंत त्याला त्याची लाजही वाटेनाशी झालेली असते. एकदा येतच नाही म्हटल्यावर कुणी फळ्याजवळ बोलवणार नाही, कुणी पुन्हा विचारणार नाही, एवढी सुटका त्याला पुरते.

बुद्धी जन्माला येताना मिळते तेवढीच राहत नाही, सरावानं, चांगल्या शिकवण्यानं आणि योग्य वेळी मिळालेल्या मदतीनं ती वाढते, हे आता बरेच लोक तोंडानं मान्य करतात. शाळांच्या भिंतींवर तशी वाक्यं रंगवलेली असतात. माझं म्हणणं एवढंच आहे की, ही गोष्ट सांगून मुलाला पटत नाही. आपल्या चुकीचं मोठी माणसं काय करतात, हे बघून मूल काय ते ओळखतं. आणि बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात हे जास्त निकडीचं आहे, कारण इथं भाषेचा नवखेपणा आणि बुद्धीचा कमीपणा यांची गल्लत सर्रास होते.

एक साधं उदाहरण घ्या. घरी मराठी बोलणारं पहिली-दुसरीतलं मूल ‘त्रेसष्ट’ ऐकतं आणि ३६ लिहितं. कारण त्याच्या कानावर आधी तीन येतात, मग साठ. शाळा कन्नड माध्यमाची असेल तर तोच आकडा तिथं ‘अरवत्तमूरु’, म्हणजे आधी साठ आणि मग तीन. इंग्रजी शाळेत ‘सिक्स्टी थ्री’, तिथंही दशक आधी. म्हणजे घरातला आकडा एका बाजूनं चालतो आणि शाळेतला दुसऱ्या बाजूनं. अशा मुलानं चार-सहा महिने अंक उलटे लिहिले तर त्याचं डोकं व्यवस्थित चालू आहे, असाच त्याचा अर्थ. दोन नियम त्याच्या हाताशी आहेत आणि कुठला कधी वापरायचा ते अजून बसलेलं नाही, इतकंच. महाराष्ट्रात २०१९ मध्ये बालभारतीनं दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘एकवीस’ऐवजी ‘वीस एक’ अशा वाचनाची पद्धत आणली, तेव्हा केवढा गदारोळ झाला. पद्धत कुणाला आवडो न आवडो, मुलांना जोडाक्षरी आकडे जड जातात एवढं त्या निमित्तानं सर्वांसमोर आलं. आमच्याकडं ती अडचण दुप्पट आहे, आणि तिची चर्चा मात्र कुठंच होत नाही.

कन्नड लिपीचंही तसंच. ‘अम्मा’ लिहिताना मराठी वळणाचं मूल अर्धा म आणि पूर्ण म शेजारी शेजारी बसवायला बघतं, कारण देवनागरीनं त्याला तेच शिकवलंय. कन्नडमध्ये दुसरा म खाली जातो, ओत्तक्षर होऊन. ‘ओंदु, एरडु’ म्हणताना त्याचा ओ आणि ए लांबतो, कारण मराठीत ऱ्हस्व ए-ओ वेगळे नाहीत. या चुका मुळीच बेशिस्तीच्या नाहीत. ज्या मुलाला पहिली लिपी नीट येते त्याच्याच हातून त्या होतात. शिक्षिकेनं हे ओळखून ‘तू मराठीसारखं लिहिलंस, इथं तो खाली लिहायचा’ असं म्हटलं तर मूल त्याच दिवशी एक पायरी चढतं. ‘मराठी पोरांचं कन्नड असंच’ म्हटलं की तिथंच बसतं.

बुद्धी वाढते हा विषय अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ कॅरल ड्वेक यांनी जगभर पोहोचवला. त्यांनी आणि क्लॉडिया म्युलर यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेले प्रयोग समजायला सोपे आहेत. पाचवीच्या मुलांना काही कोडी सोडवायला दिली. ती सुटल्यावर काही मुलांना सांगितलं, तू हुशार आहेस. काहींना सांगितलं, तू मेहनत घेतलेली दिसते. पुढची कोडी मुद्दाम अवघड दिली, त्यात सगळेच अडले. त्यानंतर पुन्हा पहिल्यासारखी कोडी आली, तेव्हा हुशार म्हटलेल्या मुलांची कामगिरी आधीपेक्षा घसरली आणि मेहनतीचं कौतुक झालेल्यांची सुधारली. मला यातली पुढची गोष्ट जास्त बोचते. कधीही न भेटणाऱ्या दुसऱ्या मुलांसाठी आपले गुण कागदावर लिहायला सांगितले, तर हुशार ठरवलेल्या गटातल्या दहांतल्या जवळपास चौघांनी ते वाढवून लिहिले. ज्याला आपण हुशार म्हणतो त्याच्या डोक्यावर ‘हुशारी टिकव’ असं ओझं ठेवतो, आणि मग तो ती टिकवायला खोटंही बोलतो.

दहावीच्या परीक्षेत याचं मोठं रूप दिसतं. २०२४ मध्ये कर्नाटकात परीक्षा केंद्रांवर वेबकास्टिंग, म्हणजे कॅमेऱ्यातून थेट देखरेख, आलं आणि राज्याचा निकाल आदल्या वर्षीच्या ८३.८९ टक्क्यांवरून ७३.४० टक्क्यांवर उतरला, तोही वाढीव ग्रेस गुण देऊन. कॅमेरा लागताच दहा टक्के मुलं गळतात तेव्हा मुलांना चोर ठरवून मोकळं होणं सोपं असतं. पण त्या मुलांनी आठ-दहा वर्षांत शिकलेली एकच गोष्ट आपण तपासत नाही: चुकलेलं दिसता कामा नये.

ड्वेक यांच्या कामाचाही बाजार झाला, हे सांगायला हवं. ‘ग्रोथ माइंडसेट’, म्हणजे बुद्धी वाढते असं मानणारी मनोवृत्ती, हे शब्द आता खासगी शाळांच्या जाहिरातीत असतात. पुढं काही संशोधकांनी हेच प्रयोग करून पाहिले तेव्हा सगळीकडं तितका ठळक परिणाम दिसला नाही. २०१९ मध्ये अमेरिकेत सुमारे बारा हजार नववीच्या मुलांवरचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. तासाभराहून कमी वेळाच्या ऑनलाइन धड्यानं मागं पडलेल्या मुलांचे गुण वाढले, पण थोडेसेच. आणि जिथं वर्गातली इतर मुलंही अवघड गणिताला हात घालायला तयार होती तिथं तो परिणाम जास्त दिसला. मला हा थोडासा परिणामच खरा वाटतो. कुठल्याही व्हिडिओनं किंवा व्याख्यानानं मुलाचं मन बदलत असतं तर शिक्षकांची गरजच उरली नसती. ड्वेक यांनी स्वतःही बजावलं आहे की न शिकलेल्या मुलाला ‘प्रयत्न छान केलास’ म्हणून गप्प बसवणं म्हणजे त्याची फसवणूक आहे.

आमची मुलं हे सगळं आधीच जाणतात. दिवाळीच्या तोंडावर शहापूर, वडगाव, अनगोळच्या गल्ल्यांतून एक फेरी मारा. दहा-बारा वर्षांची पोरं किल्ले करत असतात. दगड-विटांची रचना, त्यावर चिखलात भिजवलेली पोती, मग लाल मातीचा हात. कुणी राजगड करतो, कुणी सिंधुदुर्ग, आणि त्यासाठी वाड्यातल्या आजोबांची जुनी पुस्तकं किंवा दादाचा मोबाईल घेऊन तटबंदी कुठून वळते ते बघतो. पहिल्या वर्षी बुरूज ढासळतो. थोरला पोरगा येतो, बोट घालून बघतो आणि म्हणतो, ‘माती लई पातळ केलायस, आणि खाली दगड नाहीत की.’ पुन्हा बांधतात. मोहरी उशिरा पेरली म्हणून हिरवळ उगवली नाही, तर पुढच्या वर्षी आधी पेरतात. पलीकडच्या गल्लीतला किल्ला जाऊन निरखतात आणि तिथली युक्ती उचलतात, तिला कुणी कॉपी म्हणत नाही. ‘तुझ्यात किल्ल्याचं डोकं नाही’ असं वाक्य मी आजवर ऐकलेलं नाही. सुट्टी संपते आणि हाताच्या वितीनं तट मोजून प्रमाणात उतरवणारा तोच पोरगा भूमितीच्या तासाला म्हणतो, मला येत नाही.

पोरगं तेच, डोकंही तेच. फरक पडतो तो चूक झाल्यावर काय होतं यानं. किल्ल्यात चूक दिसते, तिचं कारण सापडतं, दुरुस्तीला वेळ असतो आणि दुरुस्त केलेलाच किल्ला शेवटी सगळे बघायला येतात. वहीत चुकीवर लाल फुली बसते आणि पान उलटतं.

शेजारच्या चौथीतल्या एका मुलीची वही माझ्यासमोर आली होती. गणित होतं ४०२ वजा १७८. तिनं उत्तर लिहिलं होतं ३७६. त्यावर फुली आणि पानाच्या खाली दहापैकी तीन. मी तिला विचारलं, हे कसं केलंस? तिनं बोट ठेवून सांगितलं, ‘आठातनं दोन घालवलं, सहा. सातातनं शून्य घालवलं, सात. चारातनं एक, तीन.’ म्हणजे प्रत्येक घरात मोठ्यातून लहान वजा करायचं, एवढा नियम तिनं पक्का धरला होता, आणि त्या नियमानं तिचं उत्तर अगदी बरोबर होतं. त्या पानावरच्या सातही चुका त्याच एका नियमातून आल्या होत्या. सात फुल्यांनी तिला सांगितलं की तुला वजाबाकी येत नाही. तिला खरं तर एकच गोष्ट कळायची राहिली होती: वरच्या अंकातून खालचाच जातो, आणि पुरला नाही तर शेजाऱ्याकडून दशक उसनं आणायचं. शंभराच्या घरातून नऊ दशकं आणि दहा सुट्टे करून दाखवायला काड्यांच्या जुड्या पुरल्या. त्यानंतर २२४ यायला वेळ लागला नाही, आणि बाकीची सहा तिनं कुणी न सांगता पुन्हा सोडवली.

चाळीस मुलांच्या वर्गात प्रत्येकाला ‘कसं केलंस’ विचारायला वेळ कुठून आणायचा, असं शिक्षक म्हणतात. हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे, पण त्यातूनच वाट निघते. चाळीस वह्यांत चुका चाळीस प्रकारच्या नसतात, चार-पाच प्रकारच्या असतात. सातही फुल्या मारण्याऐवजी एक चूक फळ्यावर, नाव न घेता, लिहून ‘इथं काय झालं असेल?’ एवढं विचारलं तर अर्धा वर्ग दुरुस्त होतो. आणि दुरुस्त करून आणलेल्या वहीला नवे गुण मिळाले पाहिजेत. जुन्या तीनावर रेघ मारून आठ लिहिले की मुलाला कळतं, आपल्याला वाढता येतं. ‘शाब्बास’च्या शिक्क्यानं ते कळत नाही.

सरकारी शाळांत कर्नाटकानं याची सुरुवात कधीच केली होती. ‘नलि-कलि’ ही पद्धत १९९०च्या दशकात म्हैसूर जिल्ह्यातल्या हेग्गडदेवनकोटे भागातून सुरू झाली. मूल आपल्या वेगानं शिडीची एकेक पायरी चढतं, गैरहजर राहिलं तर परत आल्यावर जिथं थांबलं होतं तिथूनच पुढं जातं. पहिली ते तिसरीत ही सोय आणि चौथीत गेलं की पुन्हा सगळ्यांना एकाच गाडीत कोंबायचं, हे मला कधी पटलेलं नाही. कणकुंबीच्या बाजूला जुलै-ऑगस्टमध्ये पावसानं ओढे भरतात, शाळेला सुट्ट्या पडतात, वाडीवरची मुलं दिवसेंदिवस येऊ शकत नाहीत. चिकोडी-अथणीकडं ऊसतोडीच्या टोळ्यांबरोबर आलेली मुलं फडावर असतात. निपाणीकडं विड्या वळणाऱ्या आईला हात द्यायला मुली घरी थांबतात. अशा मुलांची पायरी मागं राहिली तर त्याला मंदपणा म्हणणं हा शुद्ध अन्याय आहे.

म्हणूनच एक गोष्ट ठामपणे सांगायची आहे. मुलाची मनोवृत्ती वाढवा, बाकी सगळं आपोआप होईल, असं कुणी सांगत असेल तर ऐकू नका. अतिथी शिक्षकांच्या भरवशावर चालणारी शाळा, एकाच शिक्षकाकडं चार इयत्ता, उशिरा मिळणारी पाठ्यपुस्तकं यांचा दोष मुलाच्या ‘वृत्ती’वर टाकता येणार नाही. १९५६च्या सातव्या घटनादुरुस्तीनं आलेलं कलम ३५० अ भाषिक अल्पसंख्याक मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावं, अशी पुरेशी सोय करण्याचं काम राज्यावर सोपवतं. मराठी शाळेत मराठी शिक्षक मागणं हा हक्क आहे आणि तो मागत राहिलंच पाहिजे. प्रयत्नांचं महत्त्व मुलाला सांगायचं असेल तर त्याच्या प्रयत्नाला उत्तर देणारं माणूस वर्गात उभं हवं.

आता आपल्या घरातल्या एका गोष्टीकडं येतो. ती बोलायला नाजूक आहे. २०१५च्या कायद्यानं कर्नाटकातल्या सगळ्या शाळांत कन्नड पहिली किंवा दुसरी भाषा म्हणून सक्तीची झाली. सीमाप्रश्न २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. या दोन्हींबद्दल आपली मतं तीव्र आहेत, माझीही आहेत. पण त्या रागातून आपण घरात ‘कन्नड आपल्या पोरांना जमत नाही’ असं म्हणतो तेव्हा त्यातला राग मोठ्यांना कळतो, मुलाला कळत नाही. त्याला फक्त ‘जमत नाही’ ऐकू येतं. दहावीच्या ६२५ गुणांतला एक पूर्ण विषय त्यानं लढण्याआधीच सोडलेला असतो. आणि एका विषयाला ‘आपलं डोकं नाही’ म्हणायची सवय लागली की ती विज्ञानालाही लागते, इंग्रजीलाही.

खरं तर आपल्याइतका उलटा पुरावा कुणाकडं नसेल. उद्यमबागच्या फाउंड्रीत वीस वर्षांचा खानापूरचा पोरगा कन्नडचा एक शब्द न बोलता लागतो आणि दोन-तीन वर्षांत मिस्त्रीशी कन्नडमध्ये, यूपीच्या हेल्परशी हिंदीत आणि घरी मराठीत बोलायला लागतो. बाजारात भाजी विकणाऱ्या मावश्या गिऱ्हाईक बघून भाषा बदलतात, आणि त्यांतल्या कित्येकींनी ती तिशी-पस्तिशी ओलांडल्यावर, कुठल्याही शाळेशिवाय, रोज चुकत चुकत उचललेली असते. ही माणसं मुलांना कधी सांगत नाहीत की आम्ही सुरुवातीला काय काय चुकीचं बोलायचो, कोण हसायचं, मग कसं सुधारलं. हे सांगायला हवं. आईबापांनी स्वतः शिकताना दिसायला हवं. आजीला वायव्य कर्नाटक परिवहनच्या बसवरची पाटी वाचता येत नसेल तर नातीनं तिला एकेक अक्षर शिकवावं. शिकवताना नातीचं कन्नड पक्कं होतं, आणि सत्तरीतलं माणूसही शिकतं हे ती डोळ्यांनी बघते. कन्नड चांगलं आलं म्हणून कुणाचं मराठीपण कमी होत नाही. आपल्या हक्काचा अर्ज ज्या कचेरीत द्यायचा तिथली भाषा आलेला मुलगा आपली बाजू जास्त नेटानं मांडेल.

‘मग काय सगळी मुलं सारखीच?’ असं विचारणारे असतातच. सारखी नसतात. कुणाला लवकर कळतं, कुणाला उशिरा, कुणाचा ओढा गणिताकडं, कुणाचा तबल्याकडं. पण तिसरीतल्या आजच्या वेगावरून वीस वर्षांनंतरची उंची सांगता येत नाही. १९०५ मध्ये फ्रान्समध्ये बुद्धिमापनाची पहिली चाचणी करणारे आल्फ्रेड बिने यांचा हेतू कुणाला मदत लागते ते शोधण्याचा होता. बुद्धी जन्मभर तेवढीच राहते या समजुतीला त्यांनी स्वतःच विरोध केला होता. चाचणी जगानं उचलली, तो विरोध मात्र मागं राहिला.

मुलींच्या बाबतीत तर हा निकाल आणखी लवकर आणि आणखी कायमचा लागतो, त्यावर वेगळं लिहावं लागेल.

शेवटी गावानं काय करावं, तेही सांगतो, कारण इथं गावाला शिक्षणात रस आहे. दहावीनंतर प्रत्येक मंडळ गुणगौरव करतं, चौकात फ्लेक्स लागतात, नव्वद टक्क्यांच्या वरची तोंडं त्यावर असतात. त्यांचं कौतुक व्हावंच. पण २०२४ पासून कर्नाटकात दहावीच्या एका वर्षात एकाहून जास्त परीक्षा होतात. परीक्षा-१ मध्ये राहिलेला विषय त्याच वर्षी पुढच्या परीक्षेत देता येतो, पास झालेल्यालाही गुण वाढवायला पुन्हा बसता येतं आणि जास्त असतील तेच गुण धरले जातात. माझ्या मते राज्यानं अलीकडं केलेली ही मुलांच्या बाजूची सर्वांत चांगली गोष्ट आहे. गावात मात्र अजूनही परीक्षा-२ ला बसणाऱ्याला ‘नापास झाला’ म्हणूनच ओळखतात, आणि कित्येक मुलं त्या लाजेनं अर्जच भरत नाहीत. मे महिन्यात ज्याचे दोन विषय राहिले, ज्यानं पुढचे आठवडे रोज पहाटे उठून ते काढले, त्याचं नाव कुठल्याच फ्लेक्सवर येत नाही.

येळ्ळूर, उचगाव, कडोली, कंग्राळी, नंदगडच्या मंडळांनी आणि युवक संघांनी गुणगौरव वर्षातल्या सगळ्या परीक्षांचे निकाल लागल्यावर ठेवावा. ज्याचे गुण पहिल्या वेळेपेक्षा सर्वांत जास्त वाढले त्याला पहिल्या क्रमांकाइतकंच रोख बक्षीस द्यावं आणि माईक हातात देऊन विचारावं, काय अडलं होतं आणि कसं सुटलं. परीक्षा-१ चा निकाल लागल्याच्या आठवड्यातच एसडीएमसीनं, म्हणजे पालकांच्या शाळा समितीनं, राहिलेल्या मुलांच्या घरी जावं आणि पुढच्या परीक्षेचा अर्ज तिथंच भरून घ्यावा. बी.एस्सी., इंजिनिअरिंग करणारी गावातली पोरं उन्हाळ्यात घरीच असतात, त्यांनी संध्याकाळी देवळाच्या सभामंडपात गणित आणि विज्ञान घ्यावं. शाळेत शनिवारच्या सकाळचा शेवटचा तास फक्त आठवड्यातल्या चुका दुरुस्त करायला ठेवायला तर वरून आदेशाचीही गरज नाही, मुख्याध्यापकांनी वेळापत्रकात लिहिला की तो सुरू होतो.